मीटरभर चौकट

चौकट लाकडाची, मीटर बाय मीटर.
एका कोपऱ्याचा खिळा दर वर्षी सैल होतो,
दर वर्षी खेमाइस तो दगडाने ठोकतो
आणि म्हणतो, झालं, फेक.
मी डोळे मिटून फेकते. नियम आहे तसा:
पडेल तिथे, आपल्या आवडीच्या जागी नाही.
मग गुडघ्यांवर बसायचं आणि मोजायचं.

पहिल्यांदा आले तेव्हा इश्केल गोड होतं.
हिवाळ्यात सहा ओढे यायचे,
तळं फुगत फुगत गुरांच्या वाटेवर चढायचं.
उन्हाळ्यात उलटं. तिंजाच्या अरुंद प्रवाहातून
समुद्र आत यायचा, पाहुण्यासारखा बिचकत,
आणि सप्टेंबरपर्यंत घरमालक होऊन बसायचा.
गोड, खारं, गोड, खारं,
या श्वासावर इथलं सगळं उगवायचं.

मधोमध पाणगवत.
वल्ह्याला गुंडाळलं की खेमाइस आधी शिव्या द्यायचा,
मग सोडवायचा हलक्या हाताने,
झोपलेल्या लेकीची वेणी सोडवावी तसा.
शेंडे चांदव्यांचे, बिया बदकांच्या,
वाटणी ठरलेली, भांडणं तरीही रोजची.
काठाला बोरूंची भिंत,
आत कुणीतरी कुणाचं तरी सांगतंय अशी कुजबुज.
अलीकडे लव्हाळ्याचं कुरण.
उत्तरेतून कलहंस येत ते त्याच्या गाठींसाठी,
खांद्यापर्यंत मान चिखलात घालून उकरत,
काल इथेच काही पुरून ठेवल्यासारखे.
आणि अगदी बाहेर, जिथे मीठ पांढरं फुटतं,
ती पेरापेरांची मांसल काडी.
तिचं लॅटिन नाव मी सांगते, कुणी ऐकत नाही.
चावली तर समुद्र.
शरदात ती लाल होते, मैलभर,
आणि म्हशी त्या लालीत पोटापर्यंत उभ्या,
काहीच विशेष नसल्यासारख्या.

मग वर, ओढ्यांवर, धरणं झाली.
शहरांना पाणी लागतं.
मी शहरात राहते. नळ मीही उघडते.

त्यात तीन हिवाळे कोरडे गेले.
चौकट फेकली तर आवाज आला,
अंगणात पाट आपटावा तसा.
भेगा. शिंपले. कुठून तरी उडून आलेलं
कण्हेरीचं एक पान.
लव्हाळा: शून्य. बोरू: शून्य.
पाणगवत लिहायला पेन टेकवलं
तर खेमाइस म्हणाला, शून्य लिहू नकोस.

मग काय लिहू?

आलं नाही, असं लिही.
शून्य म्हणजे नाहीच.
माझा धाकटा भाऊ मार्सेयला गेला,
अकरा वर्षं पत्र नाही, काही नाही.
त्याला शून्य म्हणू?

फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, म्हटलं.
शून्य लिहिलं. त्याने ते पाहिलं.
दिवसभर बोलला नाही.
खिळा मीच ठोकला, वाकडा.

मार्चमध्ये मन्नूबियाचा फोन. त्याची बायको.
आधी माझ्या आईचे गुडघे, मग ऑलिव्हचा भाव,
मग सहज: तुझ्या बुटांचा चिखल
मी पुदिन्याच्या डब्यात झाडला होता गं,
तो टोमॅटोचा डबा, खिडकीतला.
भांडी विसळलेलं पाणी घालते रोज.
पुदिन्यात भलतंच काही उगवलंय.
उपटू?

बोटांत फिरवून बघा, म्हटलं.
कडा लागतात?

बराच वेळ नुसता नळाचा आवाज.
लागतात. तीन.

मागून खेमाइस ओरडला,
विचार तिला, कुठल्या रकान्यात घालणार!

डबा वीतभर. नियमात बसत नाही.
फेकलेला नाही, मोजलेला नाही,
आणि गोड पाणी तर ताटांचं.

ठेवा, म्हटलं.
पुदिना दुसरीकडे लावा.